आधी फोन, मग फोटो: वधू-वर सूचक मंडळांना खुले पत्र

सर्व वधू-वर सूचक मंडळांचे अध्यक्ष, सचिव आणि दर मेळाव्याला नोंदणीच्या टेबलावर घाम पुसत बसणारे माझ्यासारखे कार्यकर्ते, यांना सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच आहे, हे आधी सांगते. सोलापुरात एका मंडळाच्या टेबलावर मी अकरा वर्षं बसले. फॉर्म तपासायचे, पावती फाडायची, फोटोच्या मागे पेन्सिलीने नंबर टाकायचा आणि सूची छापायला जाण्याआधी राहिलेले रकाने भरून घ्यायचे. हे पत्र त्यातल्या एका रकान्याबद्दल आहे. रास, नाडी, गण, मंगळ, उंची, चष्मा यांच्या रांगेत तो मुकाट बसलेला असतो. कुठे त्याला 'वर्ण' म्हणतात, कुठे सरळ 'रंग'.

मुलाच्या फॉर्ममध्येही तो असतो. पण मुलाने तो रिकामा सोडला तर आम्ही फॉर्म तसाच पुढे सरकवत असू. मुलीने सोडला की नाव पुकारून तिला टेबलाशी बोलवायचो. असं करा म्हणून आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आपोआप होत होतं.

शेवटच्या वर्षी, २०२३ च्या मेळाव्यात, एक मुलगी आली. गुरांची डॉक्टर. तिने त्या रकान्यात स्वच्छ अक्षरात 'सावळा' लिहिलं होतं. मागून आई वाकली आणि हळूच म्हणाली, "ताई, तेवढं गहूवर्णी करा ना." मला आईची दया आली. मी गहूवर्णीच्याही दोन पायऱ्या वर गेले आणि 'निमगोरा' लिहिलं. आईने माझा हात दाबला. मुलगी गप्प होती. निघताना तिने फक्त विचारलं, "काकू, खोडलेलं दिसेल का?" मी तिला धीर दिला, "नाही गं, सूचीत सगळं छापूनच येतं."

रात्री भांडी लावताना माझ्या लक्षात आलं, की ते दिसावं अशी तिची इच्छा होती.

त्यानंतर मी टेबल सोडलं. सचिवांना गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा दुखतो हेही खरंच आहे.

आपल्या सूचीतल्या रंगांची शिडी तुम्हाला पाठ असेल: गोरा, निमगोरा, उजळ, गहूवर्णी, सावळा. 'काळा' हा शब्द अकरा वर्षांत एकाही फॉर्मवर आला नाही. सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या एवढ्या मुलामुलींत एकही माणूस काळा नसावा, याचं आम्हाला कधी नवल वाटलं नाही. सूची घरोघर गेली की फोन सुरू व्हायचे. "फोटोत उजळ दिसतेय, प्रत्यक्षात कशी आहे?" "रंग दाबून आहे का हो?" आणि मी, स्वतःला मोठी पुरोगामी समजत, सांगायचे, "सावळी आहे, पण तरतरीत आहे." "सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस." तो 'पण' मी किती मुलींच्या मागे लावला असेल, देव जाणे. पंढरपूर आमच्यापासून दीड तासावर. त्यावर कुणी बोललं की मंडळातले सगळे हसायचे आणि म्हणायचे, अहो, देवाची गोष्ट वेगळी.

शास्त्र विचाराल तर कातडीला रंग देणाऱ्या पेशी गोऱ्याच्या अंगात आणि काळ्याच्या अंगात जवळपास सारख्याच असतात. त्या पेशी मेलॅनिन किती आणि कोणत्या जातीचं बनवतात, एवढाच फरक. म्हणजे अकरा वर्षं मी एका रंगद्रव्याचा साठा नोंदवत होते. रेशनच्या दुकानात नोंदवतात तसा.

आता हे मलाच का टोचलं, ते सांगते. माझी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. १९८३ साली ट्रंक बोर्डावर, म्हणजे परगावचे फोन हाताने जोडायचे तिथे, ऑपरेटर म्हणून लागले आणि ३१ जानेवारी २०२० ला, देशभरातल्या ७८ हजारांच्या आसपास कर्मचाऱ्यांबरोबर, बीएसएनएलमधून स्वेच्छानिवृत्ती घेतली. कानाला हेडसेट, समोर कॉर्ड, हातात तिकीट. "पार्टी लाईनवर आहे, बोला." "तीन मिनिटं झाली, वाढवायची का?" माणसं दिसत नव्हती. पण बोलायला लागली की दुसऱ्या वाक्याला कळायचं, हा माणूस घरात कसा वागत असेल. नंबर लागायला उशीर झाला की काही जण आमची आई-बहीण काढायचे. काही जण म्हणायचे, "राहू दे बाई, तुमच्या हातात काय आहे, मी बसतो थांबून." त्यांचे चेहरे आम्ही मनात रंगवायचो आणि ते नेहमी देखणे असायचे.

आमच्या सुपरवायझरना सगळे मोठ्या बाई म्हणत. रंग काळा, तोंडभर देवीचे वण. १९७५ नंतर आपल्या देशात देवीचा रोगी सापडला नाही, पण ज्यांच्या लहानपणी ती साथ येऊन गेली त्यांच्या चेहऱ्यावर ती राहिलीच. बाईंना तरुणपणी सतरा घरांनी पाहिलं होतं. आकडा त्या स्वतःच सांगत, पोह्यांच्या हिशेबात: "दीड पायली पोहे वाया गेले माझ्यापायी."

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. सोलापुरातही पलंग हलले, माणसं रस्त्यावर आली. बाईंची ड्युटी सातची होती, त्या साडेपाचला हजर झाल्या. परगावचा नंबर थेट फिरवायची सोय, एसटीडी, आलेली होती, पण त्या भागातल्या लायनी मेल्या होत्या. आणि मुंबई, पुणे, भिवंडी, सुरत, जिथे जिथे त्या गावांतली माणसं पोटापाण्याला गेली होती, तिथून फोन यायला लागले. किल्लारी. सास्तूर. मंगरूळ. लायनच नाही तर जोडणार काय? नियमाने आमचं उत्तर एवढंच होतं: "लाईन बंद आहे." कॉर्ड काढायची, पुढचा कॉल घ्यायचा. आम्ही तसंच करत होतो. बोर्डावर दिवे इतके लागले होते की दुसरं काही सुचत नव्हतं.

बाईंनी एक शाळेची वही मागवली. प्रत्येकाला विचारायच्या, गाव कोणतं, आळी कोणती, कोणाचं घर, तुमचा नंबर काय. "लाईन बंद आहे दादा. मी लिहून घेतलंय. कळलं की मी स्वतः फोन करीन." समोरचा रडत असला तर गप्प राहायच्या, पण कॉर्ड काढायच्या नाहीत. औशाकडून, उमरग्याकडून जे कोणी सोलापुरात येत होतं, सिव्हिलमध्ये जखमी येत होते, त्यांच्याकडून निरोप गोळा करायला त्यांनी दोन लाइनमन पाठवले. मग वहीतल्या एकेका नावापुढे खूण. वाईट बातमी त्या दुसऱ्या कुणाला सांगू देत नसत. आधी विचारायच्या, "जवळ कुणी आहे का? त्यांना फोनजवळ बोलवा." आणि मग सांगायच्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या खुर्चीवरून उठल्या, तेव्हा पाय सुजल्यामुळे चपला हातात घेऊन घरी गेल्या.

त्या दोन दिवसांत मी त्यांच्याकडे पाहत होते. खूप दिवसांनी मला जाणवलं की त्यांच्या तोंडावर वण आहेत हे मी विसरूनच गेले होते. आंधळी नव्हते मी, वण दिसत होतेच. पण ते त्यांच्या आवाजाचा, त्या वहीचा, "जवळ कुणी आहे का" या प्रश्नाचा भाग झाले होते. वणांशिवाय मोठ्या बाई मला डोळ्यांपुढे आणताच आल्या नसत्या.

त्यांचं लग्न झालं होतं, छत्तिसाव्या वर्षी. खात्यातल्याच एका विधुर लाइनमनशी. पूर्वी बाई काही वर्षं तक्रारींच्या टेबलावर होत्या, आणि लाइनमन खांबावरून फोन जोडून लाईन तपासत. तीन वर्षं तो माणूस यांना फक्त आवाजाने ओळखत होता. एक्स्चेंजमध्ये पहिल्यांदा समोर आला तेव्हा म्हणाला, "मला वाटलं होतं तुम्ही उंच असाल." चेहऱ्याबद्दल एक शब्द नाही, तक्रार काय तर उंचीची! पुढे संसारात दोघं भरपूर भांडले. पंख्याच्या वेगावरून तर शेवटपर्यंत. पण ते लग्न कोणत्याही सूचीतून जुळलं नसतं, हे मी अकरा वर्षांच्या अनुभवाने सांगते. पहिल्याच पानावर कुणीतरी बोट ठेवून पुढे गेलं असतं.

तुम्ही म्हणाल, मग 'स्वभाव' असा रकाना वाढवू या. कृपा करून वाढवू नका. तो काही मंडळांनी ठेवलाय आणि त्यात काय येतं ते मी वाचलंय. सगळे मनमिळाऊ. सगळ्या मुली गृहकृत्यदक्ष, सगळी मुलं निर्व्यसनी आणि समंजस. रंगाच्या रकान्यात निदान थोडी लाज होती, या रकान्यात तीही नाही. चांगुलपणा स्वतःच्या हाताने लिहून देता येत नाही. तो बाजूने, तिरका, भलत्याच वेळी दिसतो.

एका मेळाव्यात जेवणं चालू होती. वाढायला कॉलेजची पोरं, रोजंदारीवर. एकाच्या हातून मठ्ठ्याचं भांडं कलंडलं आणि एका उमेदवार मुलाच्या पांढऱ्या शर्टावर धार गेली. अर्ध्या तासाने त्याला स्टेजवर जायचं होतं. त्याची आई वाढप्यावर तुटून पडणार, तोच मुलगा म्हणाला, "अगं, मीच पान पुढे ओढलं." नव्हतं ओढलं. मी समोरच होते. मग तो तसाच हिरवट डाग घेऊन माईकवर उभा राहिला, लोक हसले, तोही हसला. त्याच्या फॉर्मवर उंची पाच फूट चार इंच, उत्पन्न बेताचं, रंग रिकामा. त्या मेळाव्यात त्याला एकही विचारणा आली नाही. तो डाग कोणत्या रकान्यात लिहायचा होता मी?

म्हणून माझी सूचना वेगळी आहे, आणि ती मी करून पाहिलेली आहे. २०२० च्या मार्चनंतर मेळावे बंद पडले. मी नुकती निवृत्त झालेली, हाताला चाळा नाही. शिक्षण, गाव, वय आणि अपेक्षा जुळतील अशा नोंदी काढल्या, दोन्ही घरांची परवानगी घेतली आणि ठरवलं: आधी फोन, मग फोटो. मुलगा-मुलगी दहा मिनिटं बोलतील. नंतर दोघांनाही पुढे जायचं असेल तर फोटो पाठवीन. आईवडलांनी मला भंडावून सोडलं. "फोटो का देत नाही? काही लपवताय का?" एका गृहस्थांनी तर सचिवांकडे तक्रार केली.

एकोणीस फोन झाले. लग्नं दोन. फार मोठं यश नाही, मान्य. पण जे फिसकटले तेही पाहा. एका मुलीने सांगितलं, "बोलणं छान चाललं होतं. मधेच त्याची आई काहीतरी विचारायला आली तर तो खेकसला, 'दिसत नाही का, फोनवर आहे!' मला नको." सांगा, कोणत्या फोटोत तिला हे दिसलं असतं? एका मुलाने दुसऱ्याच मिनिटाला पगार विचारला, तो तिथेच संपला. एका मुलाला मुलीचं हसणं फार मोठं वाटलं. त्याचं नशीब.

आणि जमलेल्या दोनपैकी एक. बोलता बोलता तिकडून कुकरची शिट्टी ऐकू आली आणि तो मुलगा म्हणाला, "एक मिनिट हं, आजीचा भात मऊ लागतो, एक शिट्टी जास्त द्यावी लागते. सहा झाल्या की बंद करतो." मग दोघं फोनवर शिट्ट्या मोजत बसले. मुलीला तेवढं पुरलं. नंतर फोटो पाहून ती मला म्हणाली, "बरा आहे की!" आता तुम्ही कितीही हसा, पण त्या "बरा आहे"मध्ये जे होतं ते एकाही चकचकीत सूचीने मला कधी ऐकवलं नव्हतं.

एवढं शहाणपण आल्यावर, दोन-तीन वर्षांनी, मी त्या गुरांच्या डॉक्टरच्या फॉर्मवर 'निमगोरा' लिहिलं. टेबलावर बसलं की टेबलासारखं वागायला होतं. तुम्हाला दोष देत हे पत्र लिहीत नाही, ते एवढ्यासाठीच.

रूप बघूच नये असं मी म्हणत नाही. मी स्वतः आमच्या ह्यांच्या मिशा आधी पाहिल्या होत्या, माणूस नंतर. डोळे आहेत तर ते बघणारच, आणि दोघं समोरासमोर बसतील तेव्हा रंग, उंची, चष्मा सगळं एका क्षणात दिसेल. जे आपोआप दिसणार आहे ते आपण शाईने कशाला लिहायचं? आपण लिहितो, तेव्हा भेट होण्याआधीच ती रद्द करण्याची सोय करून देतो.

"लोकांची मागणी आहे" हे उत्तर मला माहीत आहे, मीच दिलेलं आहे. पण मागणी असलेल्यांनीही माघार घेतलीच ना? गोरेपणाच्या क्रीमचा आपल्याकडचा सगळ्यात मोठा ब्रँड १९७५ साली बाजारात आला, 'फेअर अँड लव्हली'. २०२० मध्ये त्याला नावातलं 'फेअर' काढावं लागलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या भारतीय बायकांनी ऑनलाइन अर्ज केला आणि शादी डॉट कॉमला त्वचेच्या रंगावरून स्थळं चाळण्याची सोय काढून टाकावी लागली. त्याआधी, २०१४ मध्ये, जाहिरातींसाठी नियम झाला की सावळ्या माणसाला लग्नाच्या किंवा नोकरीच्या बाबतीत कमी ठरलेलं दाखवायचं नाही. म्हणजे क्रीमवाल्यांनी पैशासाठी जे करायचं नाही ते आपण समाजसेवा म्हणून करतो, वर पाचशे रुपये नोंदणी घेऊन.

रंगाच्या खाली आणखी एक ओळ असते, 'शारीरिक व्यंग असल्यास'. तिच्यात लोक कोड, म्हणजे अंगावरचे पांढरे डाग, लिहितात. कोड दुसऱ्याला लागत नाही, कामाच्या आड येत नाही, आणि पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांच्या श्वेता असोसिएशनला कोड असलेल्यांसाठी वेगळे मेळावे भरवावे लागले, ते आपल्या मेळाव्यांत त्यांना बसायला खुर्ची नव्हती म्हणून. आजार लपवा असं मी म्हणत नाही, जे सांगायचं ते दोघांनी एकमेकांना सांगावं. पण १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातून 'कुष्ठरोग' हे घटस्फोटाचं कारण संसदेने २०१९ मध्ये काढून टाकलं. त्याला संसद लागली. आपल्याला फक्त छापखान्यात फोन करायचा आहे.

बोलणं आधी, ही कल्पना माझी नाही. २५ डिसेंबर १८७३ ला पुण्यात पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. जोतीरावांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू आणि वर एकमेकांशी बोलतात, तुला कसं वागवीन याचं वचन देतात-घेतात. आपल्यातली बरीच मंडळं व्यासपीठावर त्यांचा फोटो लावतात, म्हणून आठवण केली.

तर एवढं करा. येत्या मेळाव्याच्या फॉर्ममधून रंगाची ओळ काढा. त्या जागी काहीही घालू नका, कोरी राहू द्या. स्टेजवरच्या परेडचा वेळ निम्मा करून तेवढा वेळ खुर्च्या समोरासमोर मांडायला वापरा. आणि ज्या घरांची तयारी असेल त्यांच्यासाठी सूचीत एक खूण ठेवा: आधी फोन, मग फोटो. दहा घरं तयार झाली तरी पुष्कळ.

ते फोन जोडून द्यायला माणूस नसेल तर मी आहे. फुकट. तुमच्या मंडळाची जात-पोटजात कोणती, हेही विचारणार नाही. फॉर्म छपाईला टाकण्याआधी मला एकदा कळवा. पहिल्या घंटीला उचलते, सवय आहे.

आपली,
एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर,
सोलापूर